गॉथिक कथासाहित्यातील निर्मिती व राक्षसत्व

गॉथिक कथासाहित्यातील निर्मिती व राक्षसत्व : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या गॉथिक कादंबरीतील दोन परस्परसंबद्ध आशयसूत्रे. निसर्गक्रम ओलांडून मनुष्याने सजीव घडविणे हे पहिले सूत्र. आणि त्या घडविलेल्या जिवाला किंवा समाजाने दूर लोटलेल्या कोणत्याही व्यक्तीला राक्षस ठरविणे, हे दुसरे. भारतीय परंपरेतही ही सूत्रे प्राचीन आहेत. मराठीपुरते बोलावयाचे, तर रंगभूमीवरील राक्षस सांगलीत अवतरला. मृताला जिवंत करणाऱ्या संजीवनी विद्येवरील प्रसिद्ध नाटक सांगलीतच जन्मलेल्या नाटककाराने लिहिले. आणि दैत्याला देवाजवळ जागा देणाऱ्या दैवतकथेचे एक मोठे क्षेत्र सातारा जिल्ह्यात आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत पाश्चात्त्य गॉथिक कथेबरोबर ह्या परिसराचाही विचार केला आहे.

गॉथिक कादंबरीचा प्रारंभ होरेस वॉल्पोल (१७१७–९७) याच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) ह्या कृतीपासून मानतात. ‘गॉथिक’ हे विशेषण तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या उपशीर्षकात आले. पडके किल्ले, भुयारे, वंशपरंपरागत शाप, कोंडून ठेवलेली नायिका व जुलमी सत्ताधीश ही सामग्री पुढे ॲन रॅडक्लिफ (१७६४–१८२३) हिच्या द मिस्टरीज ऑफ यूडॉल्फो (१७९४) व मॅथ्यू ग्रेगरी ल्यूइस (१७७५–१८१८) याच्या द मंक (१७९६) ह्या कादंबऱ्यांतून रूढ झाली. ह्या आरंभीच्या कृतींत भय बहुधा वास्तूत व भूतकाळात असते. रॅडक्लिफ तर अखेरीस प्रत्येक अद्भुत घटनेचा लौकिक उलगडा करून देते. राक्षसत्व हे घडविले जाते आणि त्याची जबाबदारी कोणावर तरी असते, हा विचार ह्या पिढीच्या आवाक्यात आलेला दिसत नाही. तो मेरी शेली (१७९७–१८५१) हिच्या फ्रँकेन्स्टाइन (१८१८) ह्या कादंबरीने आणला.

ह्या कादंबरीची जन्मकथा प्रसिद्ध आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला व पुढील वर्षी यूरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. त्या पावसाळी दिवसांत जिनीव्हा सरोवराकाठी बायरन, शेली, डॉक्टर पॉलिडोरी व अठरा वर्षांची मेरी ह्यांनी प्रत्येकी एक भुताची गोष्ट लिहिण्याचे ठरविले. कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाविना तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या पाठीशी केवळ कल्पना नव्हती. गॅल्व्हानीने बेडकाच्या स्नायूंवर केलेले विजेचे प्रयोग परिचित होते व त्याचा भाचा आल्दीनी ह्याने १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर विजेचा प्रवाह सोडून त्याचे अवयव हलवून दाखविले होते.

कथानायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण विद्यार्थी मृतांचे अवयव जुळवून एक महाकाय मानव घडवितो. पण त्या देहाने डोळे उघडताच निर्मात्याला किळस येते व तो पळून जातो. कादंबरीतील मूळ अपराध हाच आहे. प्रेतांची विटंबना किंवा ईश्वराच्या अधिकारात ढवळाढवळ हे तिचे मुख्य दोषारोप आहेत, असा समज रूढ आहे. १८३१ च्या सुधारित आवृत्तीला लेखिकेने जोडलेल्या प्रस्तावनेने तो दृढही केला. तथापि मूळ संहिता लक्षपूर्वक वाचता, घडविणे हे पाप म्हणून जितके दिसते त्याहून घडविलेल्याला टाकून देणे हे अधिक मोठे पाप म्हणून पुढे येते. ह्या निष्कर्षाला संहितेच्या रचनेचाच आधार आहे : कादंबरीच्या मध्यभागी कित्येक प्रकरणे निर्मात्याची नसून निर्मितीची आहेत. त्यांत तो जीव स्वतःची हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगतो. एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून तो तेथील कुटुंबाकडून भाषा शिकतो. मिल्टनचे महाकाव्य, प्लूटार्कची चरित्रे व गटेची वेर्थर ही कादंबरी वाचतो. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची वाताहत ऐकून रडतो. पुढे तो निर्मात्यासमोर उभा राहून न्याय मागतो व आपल्यासारखी एक सहचरी मागतो. त्याला नाव मात्र कोणीच देत नाही. निर्मात्याचे नाव लोकांनी निर्मितीला लावले, ही पुढील काळातील गफलत. पण बापाचे नाव मुलाला लागावे ह्या न्यायाने ती पुष्कळशी समर्पकच म्हणावी लागेल.

मृत प्राण्याला विद्याबलाने उठविण्याची कथा भारतात ह्याहून पुष्कळ जुनी आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील (अकरावे शतक) वेताळकथांत चार भावांची गोष्ट येते. एक भाऊ वाटेत सापडलेल्या हाडावर मांस चढवितो, दुसरा कातडी व केस निर्माण करतो, तिसरा उरलेले अवयव पुरे करतो व चौथा प्राण घालतो. उठलेला सिंह चौघांनाही खाऊन टाकतो. वेताळ विचारतो, दोष कोणाचा? राजाचे उत्तर असे, की ज्याने प्राण घातला त्याचा. कारण प्राणी कोणता आहे हे एव्हाना त्याला दिसत होते, इतरांना ते ठाऊक नव्हते. पंचतंत्रातही ही कथा थोड्या फरकाने आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्या वेताळपंचविशीमुळे (१८३०) वेताळकथा मुद्रित मराठीत आल्या. निर्मात्याची जबाबदारी त्याच्या जाणतेपणावर ठरविणारा राजाचा हा निवाडा सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु त्या कथेत सिंहाला काही सांगावयाचे नसते. तो उठतो व खातो. मेरी शेलीने नवे केले ते एवढेच, की उठलेल्याला वाचा दिली. आणि त्यामुळे प्रश्न शहाणपणाचा न राहता न्यायाचा झाला.

ही वाचा फार काळ टिकली नाही. रिचर्ड ब्रिन्स्ली पीक ह्याने केलेले पहिले नाट्यरूपांतर १८२३ मध्ये लंडनला रंगभूमीवर आले. त्यात टी. पी. कुक ह्या नटाने केलेला राक्षस मुका होता. तो हातवारे करी, दारे मोडी, संगीताने भारावून जाई, पण बोलत नसे. जाहिरातीच्या पत्रकावर त्याच्या पात्राच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा छापलेल्या होत्या. लेखिकेने प्रयोग पाहिला व ही अनामिकतेची युक्ती तिला आवडलीही. पुढच्याच वर्षी जॉर्ज कॅनिंगने पार्लमेंटात गुलामांच्या मुक्ततेविषयी बोलताना ह्या कादंबरीतील प्राण्याचा दाखला दिला : शरीराने प्रौढ पण बुद्धीने बालक असलेल्याला एकाएकी मोकळे सोडणे धोक्याचे, असा त्याचा रोख होता. कादंबरीतील जीव विद्वानाला शोभेल असा युक्तिवाद करतो, हे त्याच्या श्रोत्यांपैकी कोणाला आठवले असल्यास नकळे. जेम्स व्हेल ह्याच्या १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लोफने साकारलेला राक्षसही गुरगुरतोच, आणि जगाच्या स्मरणात तोच राहिला.

सातारा : फ्रँकेन्स्टाइन प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला व पेशवाई संपली. हा निव्वळ योगायोग होय. परंतु कादंबरीचा हिंदुस्थानशी एक बारीकसा धागा आहे. १८३१ च्या आवृत्तीत व्हिक्टरचा मित्र क्लर्व्हल हा हिंदुस्थानातील भाषा शिकून तेथील यूरोपीय वसाहत व व्यापार ह्यांच्या प्रगतीस हातभार लावण्याची आकांक्षा बाळगतो. कादंबरीतील सर्वांत निष्पाप मनुष्याच्या तोंडी ही आकांक्षा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

साताऱ्याच्या पुढील इतिहासात ‘निर्मिती’ हा शब्द राजकीय अर्थाने आला. एल्फिन्स्टनने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसविले व १८१९ च्या तहाने सातारचे राज्य नव्याने उभे केले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. तेथे १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर गादीवर आलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये औरस वारसाविना वारले, तेव्हा डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केले. सातारा हे ब्रिटिश सरकारनेच निर्माण केलेले अंकित राज्य आहे, हा त्याचा प्रमुख आधार होता : ज्याने घडविले त्याला मोडण्याचाही अधिकार. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून कंपनीच्या भागधारकांपुढे व पार्लमेंटच्या सभासदांपुढे दाद मागत होते. इतिहासाला कादंबरीची उपमा देणे धोक्याचे असते. तरीही निर्मात्याच्या दाराशी त्याच्याच भाषेत न्याय मागणाऱ्या ह्या माणसाची आठवण फ्रँकेन्स्टाइनच्या मराठी वाचकाला टाळता येणार नाही.

ह्याच जिल्ह्यात कराड तालुक्यात तारळी नदीकाठी पाल हे खंडोबाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यात येथे खंडोबा व म्हाळसा यांच्या विवाहाचा मोठा सोहळा भरतो. खंडोबाच्या माहात्म्यकथेचा गाभा म्हणजे मणी व मल्ल ह्या दैत्यबंधूंचा वध. ब्रह्मदेवाच्या वराने उन्मत्त झालेल्या ह्या दैत्यांना मारण्यासाठी शिवाने मार्तंडभैरवाचा अवतार घेतला, अशी ही कथा आहे. वर देणाराच राक्षसाच्या सामर्थ्याचे मूळ असतो, हे भारतीय दैत्यकथांतील नेहमीचे सूत्र. भस्मासुराच्या गोष्टीत तर वर मिळालेला दैत्य पहिल्यांदा वरदात्याच्याच मस्तकावर हात ठेवू पाहतो. पालची कथा मात्र वधाशी थांबत नाही. पराभूत मणी शरण येऊन बोलतो व आपली प्रतिमा देवाजवळ असावी एवढे मागतो. ते मागणे मान्य होते आणि जेजुरीस त्याची पूजा आजही होते. मल्लाचे नाव तर देवाच्याच नावात आले : मल्हारी, म्हणजे मल्लाचा अरी. म्हसोबाच्या रूपाने महिषासुरही अनेक गावांच्या शिवेवर शेंदूर लावून बसला आहे, असे प्रतिपादन दा. ध. कोसंबी ह्यांनी केले आहे. शत्रूला ठार मारूनही गावाच्या व्यवस्थेत त्याला ठाव द्यावयाचा, ही वृत्ती गॉथिक कथेत आढळत नाही. तेथील राक्षस अखेरीस उत्तर ध्रुवाच्या बर्फात दिसेनासा तरी होतो किंवा ड्रॅक्युलासारखा धूळ तरी होतो.

सांगली : मराठी रंगभूमीचा प्रारंभ सांगली संस्थानात झाला. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीत झाले, ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (मृ. १८५१) ह्यांनी तशा प्रकारचे पण अधिक सुधारलेले खेळ करण्याची आज्ञा विष्णुदास भावे (मृ. १९०१) ह्यांना केली. त्यानुसार ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवराचा प्रयोग झाला. भावे हे हाताचे कसबी होते. त्यांनी लाकडी बाहुल्याही तयार केल्या होत्या व विसाव्या शतकात रामदास पाध्ये ह्यांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले. जडाला हालचाल देणारा हा कारागीर आणि मराठी रंगभूमीचा जनक एकच असावा, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

भाव्यांच्या नाटकात सर्व पद्ये सूत्रधार म्हणे. बाहुल्या जशा दोरीच्या आधारे हालत तशी पात्रे सूत्रधाराच्या गाण्याच्या आधारे वावरत. मधले गद्य भाषण नटांनी प्रसंगी सुचेल तसे करावे, अशी रीत होती. म्हणूनच १८८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नाट्यकवितासंग्रहात मुख्यतः पद्येच आहेत. नाटक मंडळींत देवपार्टी, राक्षसपार्टी व स्त्रीपार्टी असे नटांचे वर्ग पडलेले असत. त्यांतील राक्षसपार्टीचे काम वेगळेच होते. रंगविलेले उग्र तोंड, हाती नंगी तलवार, राळेचा भडका आणि कानठळ्या बसविणारी आरोळी अशा थाटात राक्षस रंगभूमीवर येई. ह्या आरोळीवरूनच पुढच्या पिढीने त्या नाटकांना ‘अलल्डुर्र’ नाटके असे काहीशा उपहासाने म्हटले. हा उपहास अन्यायाचा आहे. विजेचे दिवे नसलेल्या मांडवात, मशालींच्या उजेडात, राळेच्या एका भडक्याने शेकडो प्रेक्षकांचा श्वास रोखून धरणे ही सामान्य कला नव्हे. लंडनच्या रंगमंचावर कुकने जे मुकेपणाने साधले, तेच सांगलीच्या नटांनी गर्जनेने साधले. परिणाम मात्र एकच झाला : राक्षस दिसला, ऐकू आला, पण त्याचे म्हणणे काय हे कळण्याची सोय राहिली नाही.

ही सोय कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) ह्यांनी केली. त्यांचा जन्म सांगलीचा. कीचकवध (१९०७) ह्या त्यांच्या गद्य नाटकातील कीचक हा महाभारताप्रमाणेच राक्षस नसून मनुष्य आहे, विराटाचा सेनापती आहे. सैरंध्रीवरील आपला हक्क तो आरोळीने नव्हे, तर सत्तेच्या ठाम, तर्कशुद्ध वाटणाऱ्या भाषेत सांगतो. ती भाषा प्रेक्षकांच्या ओळखीची होती. कीचकाच्या ठिकाणी त्यांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. राळ उडवून नाचणाऱ्या राक्षसाची भीती सरकारला कधी वाटली नव्हती, बोलणाऱ्या राक्षसाची वाटली.

निर्मितीचे सूत्र खाडिलकरांच्या विद्याहरण (१९१३) ह्या संगीत नाटकात येते. त्याचा आधार महाभारताच्या आदिपर्वातील कचदेवयानीची कथा. मेलेल्याला उठविणारी संजीवनी विद्या दैत्यगुरू शुक्राचार्यांजवळ आहे व ती मिळविण्यासाठी देवांनी बृहस्पतिपुत्र कचाला शिष्य म्हणून पाठविले आहे. दैत्य त्याला पुनःपुन्हा मारतात. शेवटी त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. आता कचाला उठवावे तर गुरूचे पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातील कचाला विद्या देतात, कच पोट फाडून बाहेर येतो व मृत गुरूला त्याच विद्येने उठवितो. मद्यामुळे घडलेल्या अनर्थावर खाडिलकरांनी भर दिला असून मद्याचा निषेध हा नाटकाचा उघड हेतू आहे. तथापि मूळ कथेतील एक तपशील फ्रँकेन्स्टाइनच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. देवयानी विवाहाची मागणी घालते, तेव्हा कच ती नाकारतो. ज्या उदरातून मी बाहेर आलो त्याच पित्याची तू कन्या, तेव्हा तू माझी भगिनी, असे त्याचे कारण. येथे घडविलेला जीव नाते सांगतो आणि घडविणाऱ्याने ते आधीच पत्करलेले असते, तेही स्वतःचे मरण पत्करून. जिनीव्हाच्या विद्यार्थ्याला जे एका रात्रीतही जमले नाही, ते दैत्यांच्या गुरूला जमले, हे विशेष. अर्थात नात्याच्या ह्या दाव्याने देवयानीवर अन्याय झाला. तिच्या शापाने कचाची विद्या त्याच्यापुरती निष्फळ ठरली, आणि इतरांना शिकविण्यापुरतीच ती त्याच्याजवळ उरली.

सांगलीतच जन्मलेले वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) ह्यांनी ययाति (१९५९) ह्या कादंबरीत ह्याच कथाचक्राचा पुढील भाग घेतला. तीत कच हा संयमाचा आदर्श, तर ययाती हा न शमणाऱ्या वासनेचे उदाहरण आहे. शुक्राचार्यांच्या शापाने वृद्ध झालेला ययाती पुत्राचे तारुण्य मागून घेतो. पित्याने पुत्राला घडवावयाचे, त्याऐवजी येथे तो त्याला संपवूनच जगू पाहतो. आर. एल. स्टीव्हन्सन (१८५०–९४) ह्याच्या डॉक्टर जेकिलप्रमाणे ययातीचा राक्षसही बाहेरून आलेला नाही. त्याच्याच कामनेने तो घडला आहे. ह्या कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

गॉथिक कादंबरीचा बाह्य साज मराठी गद्यात फार आधी आला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांच्या मुक्तामालेपासून (१८६१) अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट उसळली. तीत किल्ले, भुयारे व दुष्ट प्रधान ह्यांची रेलचेल आहे. तिची मुळे इंग्रजीपेक्षा संस्कृत कथांत अधिक आहेत. बाणभट्टाच्या कादंबरीने ह्या साहित्यप्रकाराला मराठीत नावही दिले, आणि सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) ह्यांचे शापसंभ्रम (१८९३) हे नाटक त्याच कृतीवर आधारलेले आहे. इंग्रजीतून आला तो रेनल्ड्ससारख्या लोकप्रिय लेखकांचा प्रभाव. हरि नारायण आपटे ह्यांची मधली स्थिति (१८८५) त्याची साक्ष देते. घडविलेल्या जिवाची कैफियत मात्र ह्यांपैकी कोणी मांडली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांनी मराठीत भयकथा व गूढकथा प्रतिष्ठित केली. धारपांनी पाश्चात्त्य कथाबीजे मराठी वाड्यांत व आळ्यांत इतक्या सहजपणे रुजविली, की मूळ कोठले हे वाचकाने विचारू नये. स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली त्यांची ‘आजी’ ही कथा तुंबाड (२०१८) ह्या हिंदी चित्रपटाची एक प्रेरणा होती; चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या तुंबाडचे खोत (१९८७) ह्या कादंबरीवरून आले. चित्रपटातील हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र आहे. सोने मिळवून तो धान्याकडे हात वळवितो, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला वाचविते, पण पुढे कोणी त्याची पूजा करावयाची नाही, ह्या अटीवर. मणीला देवाजवळ मिळाली तशी जागा ह्या पुत्राला कोणत्याच देवळात नाही.